गाडी आतून टायर खात होती

लेकीचं बॅडमिंटनचं शटल गाडीखाली गेलं, म्हणून हे कळलं. ती जमिनीवर पालथी झाली, मागच्या डाव्या चाकामागे हात घातला आणि शटल बाहेर काढायचं सोडून तशीच थांबली. "आई, इथे काहीतरी टोचतंय. टायरमधून तार आलीये."

खिळा असेल असं म्हणत मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि वाकून पाहिलं. खिळा नव्हता. टायरच्या आतल्या कडेचा दोन बोटं रुंद पट्टा पार गुळगुळीत झाला होता, आणि त्यात एका जागी रबर संपून बारीक पोलादी तारा उघड्या पडल्या होत्या. उठून तोच टायर बाहेरून पाहिला, तर नवाकोरा. नक्षी ठळक, खाचा खोल, कडा धारदार. एकाच टायरची ही दोन तोंडं आहेत यावर विश्वास बसेना, म्हणून मी पुन्हा खाली वाकले.

गाडी अकरा महिन्यांची होती. ओडोमीटरवर १७,४०० किमी. आदल्याच दिवशी मी आईला मागच्या सीटवर बसवून, भर पावसात, ताशी ८०च्या वेगाने तिला तपासणीला नेऊन आणलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. टायर फुटला असता तर, हे एकच डोक्यात फिरत होतं.

खरं तर गाडी दोन महिने सांगत होती. साठ-सत्तरच्या वेगाला मागून एक घरघर येऊ लागली होती. मी ती सर्व्हिस सेंटरला ऐकवली, तेव्हा "बेअरिंग असू शकेल, अजून वाढू दे, मग बघू" असं उत्तर मिळालं. आज मला त्यातला फरक कळतो. बेअरिंगचा आवाज वळणावर बदलतो, कारण गाडीचा भार एका बाजूला झुकतो आणि त्या बाजूचं बेअरिंग जास्त ओरडतं. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. माझी घरघर नव्या गुळगुळीत डांबरावर स्पष्ट यायची आणि खडबडीत रस्त्यावर त्याच्या आवाजात मिसळून जायची. वळणावर काहीच फरक नव्हता. हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

स्टेपनी लावली आणि दुसऱ्या दिवशी शाळेला रजा टाकून थेट सर्व्हिस सेंटर गाठलं. (मी शाळेत गणित शिकवते. पुढे आकडे बरेच येतील, त्याचं कारण हे.) काउंटरवरच्या मुलाने टायर एकदा फिरवून पाहिला आणि एका दमात तीन कारणं सांगितली. हवा कमी ठेवली असेल, खड्ड्यात आपटली असेल, आणि नव्या गाडीबरोबर येणारे टायर मऊच असतात. चौथं वाक्य होतं, "टायर वॉरंटीत येत नाहीत, मॅडम."

त्याच्याशी मी वाद घातला नाही. घरी आले, वही उघडली आणि तिन्ही कारणं एकेक करून तपासली.

हवेचं आधी. दर दुसऱ्या रविवारी सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, मी स्वतः गेज लावून हवा मोजते आणि लिहून ठेवते. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर माझ्या गाडीसाठी ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) लिहिलंय. हा आकडा थंड टायरचा. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असलेली, किंवा जेमतेम दीड-दोन किमी सावकाश चाललेली. टायरच्या बाजूवर जो मोठा आकडा छापलेला असतो, तो टायर जास्तीत जास्त किती हवा सोसेल याचा असतो. तो आपल्या गाडीसाठीचा आकडा समजून हवा भरणारे मी पाहिलेत. माझ्या वहीत अकरा महिन्यांत सर्वांत कमी नोंद ३० ची होती, थंडी पडली तेव्हाची. तापमान १० अंश सेल्सिअसने उतरलं की हवा साधारण दीड पीएसआयने उतरते, शिवाय टायर महिन्याकाठी थोडी हवा आपसूक सोडतच असतो.

पण वही नसती तरी टायरनेच साक्ष दिली असती. हवा कमी असली की टायर मध्ये दबतो, भार दोन्ही खांद्यांवर जातो आणि दोन्ही कडा झिजतात. हवा जास्त असली की मधला पट्टा झिजतो. हवेमुळे एकच कड झिजत नाही. माझ्या टायरची बाहेरची कड शाबूत होती.

डॅशबोर्डवरचा हवेचा दिवा एकदाही लागला नव्हता, आणि त्या दिव्यावर मी फार विसंबून होते. पुस्तिका नीट वाचल्यावर कळलं की माझ्या गाडीच्या चाकांत हवा मोजणारा सेन्सर नाहीच. एबीएसचे, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, सेन्सर चाकांचा फिरण्याचा वेग मोजतात. एखाद्या चाकातली हवा उतरली की त्याचा घेर किंचित कमी होतो, ते इतरांपेक्षा थोडं जास्त फिरतं आणि त्यावरून दिवा लागतो. चारही चाकांतली हवा हळूहळू सारखीच उतरली, तर या पद्धतीला ते कळणं अवघड. ज्या गाड्यांत चाकागणिक सेन्सर असतो, त्यांतही दिवा उशिराच लागतो. अमेरिकेतला नियम सांगतो की शिफारशीपेक्षा २५ टक्के हवा कमी झाली की इशारा मिळायला हवा. ३३ च्या टायरला तो आकडा येतो जवळपास २५. गेजची जागा हा दिवा घेऊ शकत नाही. आणि झीज तर त्याला दिसतच नाही.

मऊ टायरचं म्हणणं मला सर्वांत जास्त लागलं, कारण त्यात तपासाचं दारच बंद होतं. टायर मऊ आहे म्हटलं की पुढे विचारायचं काही उरत नाही. म्हणून नक्षीची खोली मोजायचा गेज आणला. छोटीशी वस्तू आहे, एक दांडी खाचेत टेकवायची आणि मिलिमीटर वाचायचे. प्रत्येक टायर बाहेर, मध्ये, आत असा तीन जागी मोजला.

हे टायर नवे असताना ७.५ मिमीचे. पुढचे दोन्ही तिन्ही जागी ५.२ च्या आसपास, फरक फार तर ०.१ चा. मागचा उजवा बाहेर ५.९, मध्ये ५.४, आत २.१. मागचा डावा बाहेर ५.९, मध्ये ५.२, आत ०.८, आणि जिथे तार दिसत होती तिथे मोजायला काही शिल्लकच नव्हतं.

आता पुढची चाकं बघा. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी. इंजिनाचं वजन पुढे, ओढायचं काम पुढच्या चाकांचं, वळवायचं त्यांचंच, ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावर. ती १७,४०० किमीत २.३ मिमी झिजली. १.६ मिमी ही वापराची शेवटची मर्यादा धरली, तर ७.५ मधून ५.९ मिमी वापरता येतं. याच गतीने ती ४४,००० किमीच्या पुढे जातील. रबर मऊ असतं, तर सर्वांत जास्त राबणारी चाकं आधी संपली असती. कमी राबणारी मागची चाकं संपली, तीही फक्त आतून.

टायरच्या बाजूवर 'ट्रेडवेअर' असा शब्द आणि पुढे एक आकडा असतो, माझ्यावर ३२० आहे. त्या आकड्याचा अर्थही शोधला. ही अमेरिकी पद्धत आहे. टेक्सासमधल्या ठरलेल्या रस्त्यांवर गाड्यांचा ताफा ७,२०० मैल, म्हणजे साधारण ११,६०० किमी चालवतात आणि एका प्रमाण टायरशी तुलना करून आकडा देतात. प्रमाण टायर १०० धरला, तर ३२० चा टायर त्या चाचणीत ३.२ पट टिकाऊ. हा आकडा तुलनेसाठी आहे, किलोमीटरची हमी तो देत नाही. पण ३२० ला कोणी मऊ म्हणणार नाही.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. टायरच्या खाचांच्या तळाशी १.६ मिमी उंचीचे छोटे आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. मी ते अधूनमधून बघायचे आणि समाधान मानायचे. पण हे उंचवटे मुख्य खाचांमध्ये असतात. अगदी आतल्या खांद्यावर, जिथे माझा टायर संपला, तिथे मुख्य खाच नसते, त्यामुळे उंचवटाही नसतो. पुढच्या चाकांची आतली बाजू स्टीअरिंग पूर्ण वळवलं की बाहेरून दिसते. मागची चाकं वळत नाहीत. ती पाहायची तर खाली वाकायला हवं, किंवा मोबाइल चाकामागे धरून व्हिडिओ काढायला हवा. मी अकरा महिन्यांत एकदाही वाकले नव्हते.

मग हात फिरवून पाहिला. मागच्या टायरच्या नक्षीवरून हात आडवा, एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत. उलट फिरवला तर प्रत्येक ठोकळ्याची कड करवतीच्या दातासारखी लागत होती. घरघर तिथूनच येत होती. नक्षीच्या ठोकळ्यांना असे दात येतात तेव्हा चाक सरळ लोळत नसतं. दर फेरीला ते थोडंसं आडवं घासत पुढे जातं.

इथे मला दहा हजार किमीला केलेल्या सर्व्हिसचं बिल आठवलं. फाइलमधून काढलं. त्यावर स्पष्ट छापलं होतं, व्हील अलाइनमेंट (म्हणजे चाकांच्या दिशेची जुळवणी), केलं. मी फोन केला आणि त्या दिवशीच्या अलाइनमेंटचा छापील कागद मागितला. कागद नव्हता. मग विचारलं, मागच्या चाकांचं मोजमाप घेतलं होतं का?

"मागची नाही करत मॅडम. मागून काही कम्प्लेंट नव्हती ना."

चार चाकांच्या गाडीत दोन चाकांची दिशा मोजायची आणि बिलावर अलाइनमेंट लिहायचं. याचा मला आजही राग आहे. शटल पकडणारे ते हात लेकीचे होते, आणि मागच्या सीटवर माझी आई होती.

त्याच सर्व्हिसनंतर आणखी एक गोष्ट झाली होती, तीही आता जुळली. सरळ रस्त्यावर स्टीअरिंगवरचं चिन्ह जरा डावीकडे कललेलं दिसायला लागलं होतं. मी मनाशी म्हटलं होतं, रस्त्याला पाणी वाहून जायला उतार असतो, त्यामुळे असेल.

दुसऱ्या दिवशी एका स्वतंत्र अलाइनमेंटवाल्याकडे गेले. मोजून द्या, पण काहीही दुरुस्त करू नका, असं आधीच सांगितलं. तिथले काका वयस्कर होते आणि त्यांना माझं म्हणणं लगेच कळलं. "पुरावा पाहिजे तुम्हाला," ते म्हणाले. त्यांनी केलेल्या कामाचा क्रम मी उभी राहून लिहून घेतला. आधी चारही टायरची हवा. मग गाडी लिफ्टवर घेऊन चाकं धरून हलवली, बॉल जॉइंट, टाय रॉड, बुश यांत कुठे खेळ आहे का ते पाहिलं. सैल सांध्यांवर घेतलेलं मोजमाप खोटं येतं. मागच्या डाव्या बाजूच्या दांड्यांवर त्यांनी बोट फिरवलं. वाकलेलं काही नव्हतं. रिमच्या आतल्या कडेला ठोकर नव्हती, टायरच्या बाजूला फुगवटा नव्हता. खड्ड्याची खूण कुठेच नव्हती. मग ज्या बोल्टने मागच्या चाकाची दिशा बदलते, तो त्यांनी मला दाखवला. नट घट्ट केल्यावर त्यावर रंगाची आडवी रेघ मारलेली असते, नटापासून खालच्या भागापर्यंत. ती रेघ अखंड होती. "हा कोणी सोडलेला नाही," ते म्हणाले. "बसवला तसाच आहे."

मग चाकांना फलक लावले, गाडी थोडी मागेपुढे ढकलून कॅमेऱ्यांना चाकांचं डगमगणं वजा करू दिलं, स्टीअरिंग सरळ करून बांधलं आणि स्क्रीनवर आकडे आले.

मागचं डावं चाक ०°३४′ टो-आउट. मागचं उजवं ०°०४′ टो-इन. माझ्या गाडीसाठी दोन्ही चाकांना हवं ०°०५′ टो-इन, पाच मिनिटं इकडे किंवा तिकडे (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). डाव्याचा आकडा लाल.

टो म्हणजे वरून पाहिलं असता चाकाचं तोंड कुठे आहे ते. दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडे असतील तर टो-इन, एकमेकांपासून दूर असतील तर टो-आउट. कॅम्बर म्हणजे समोरून पाहिलं असता चाक किती तिरकं उभं आहे ते. वरचा भाग आत कललेला असला की आकडा ऋण येतो. माझं मागचं डावं चाक −१°५०′ आणि उजवं −१°१५′ होतं. गाडीला चालतं −१°२०′, अर्धा अंश इकडेतिकडे. म्हणजे डावं चाक मर्यादेच्या अगदी टोकावर होतं, पण मशीनवर हिरवंच दिसत होतं. हिरवा रंग दिसला की सगळं आलबेल असं मानायचं नाही, हे मी तिथे शिकले. टोक आणि मध्य, दोन्ही हिरवेच असतात.

एक सावधगिरी मी शिक्षिका म्हणून सांगते. काही मशीनं अंश आणि मिनिटं दाखवतात, काही दशांश. ०°३०′ म्हणजे अर्धा अंश, दशांशात ०.५०. ०.३० अंश म्हणजे १८ मिनिटं. दोन ठिकाणचे कागद शेजारी ठेवून तुलना करताना आधी एकक बघा. माझ्या दहावीच्या मुलांचे गुण इथे जातात, आणि गाडीच्या कागदावरही हीच चूक सहज होते.

घरी येऊन मी ३४ मिनिटांचा साइन काढायला बसले आणि अडले. फक्त डाव्या चाकाचा दोष धरला, तर उजव्याची आतली कड २.१ मिमीवर का? काकांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, एकटं चाक कधी चुकत नाही. मागची दोन्ही चाकं मिळून गाडी कुठे न्यायची ते ठरवतात आणि चूक वाटून घेतात." मग उजेड पडला. दोघांचा एकूण टो ३४ उणे ४, म्हणजे ३० मिनिटं टो-आउट. गाडी दोन्ही चाकांच्या मधली दिशा धरून चालते, त्यामुळे प्रत्येक चाकाच्या वाट्याला १५ मिनिटांचा तिरकेपणा येतो. १५ मिनिटं म्हणजे पाव अंश. त्याचा साइन ०.००४३६. म्हणजे गाडी १ किमी पुढे गेली की प्रत्येक मागचं चाक ४.३६ मीटर आडवं ओढलं जातं. १७,४०० किमीला ७६ किमी.

७६ किमी आडवं. मी हा आकडा दोनदा तपासला. एवढं सगळं अंतर रबर घासत नाही हे खरं. रस्त्याला टेकलेला ठोकळा आधी वाकतो, सुटताना झटका देऊन सरळ होतो, आणि घासणं त्या सुटण्याच्या क्षणी होतं. पण ते दर फेरीला होतं, आणि १ किमीत चाकाच्या पाचशेच्या आसपास फेऱ्या होतात. पाव अंश डोळ्याला दिसत नाही. मी गाडीमागे उभी राहून कितीदा पाहिलं, चाकं सरळच दिसतात.

डावं जास्त का झिजलं, तेही जुळलं. घासणं दोघांना सारखं होतं, पण डावं चाक आत जास्त कललेलं, म्हणून तिथला भार आतल्या कडेवर जास्त. नुसत्या ऋण कॅम्बरने टायर इतका वेगाने जात नाही. कॅम्बर आणि टो-आउट एकत्र आले की आतली कड जाते.

आणि ते कललेलं स्टीअरिंग? डावं चाक डावीकडे ३४ मिनिटं, उजवं ४ मिनिटं, पण टो-इन असल्यामुळे तेही डावीकडेच. सरासरी १९ मिनिटं. मागची जोडी गाडीला एवढी तिरकी ढकलत होती. सरळ जायचं तर पुढची चाकंही तितकीच डावीकडे हवीत. स्टीअरिंग साधारण १५ अंश फिरवलं की चाक १ अंश वळतं. १९ गुणिले १५, म्हणजे २८५ मिनिटं, पावणेपाच अंश. त्या सर्व्हिसनंतरच्या सगळ्या प्रवासात माझ्या हातांनी ते पावणेपाच अंश धरून ठेवले होते.

आकडेमोड झाल्यावर मन एका वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. ते रबर गेलं कुठे? रस्त्यावर, धुळीत, पावसाबरोबर ओढ्यात. टायर ओझोनमुळे तडकू नये म्हणून रबरात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. त्याचा ओझोनशी संयोग होऊन बनणारा पदार्थ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओढ्यांत कोहो सॅमन मासे मारतो, हे २०२० साली संशोधकांनी दाखवलं. झिजलेला टायर म्हणजे फक्त माझं नुकसान, असं मला तेव्हापासून वाटत नाही.

आता सर्व्हिस सेंटर. या वेळी काउंटरवर न थांबता मॅनेजरना भेटले. सोबत एक पानाचं पत्र, चारही टायरची बारा मोजमापं, हवेच्या वहीची प्रत, अलाइनमेंटचा कागद, रंगाच्या अखंड रेघेचा फोटो आणि दहा हजारांचं बिल. पत्रात एकही विशेषण घातलं नाही. वॉरंटीच्या पुस्तिकेत मला एक ओळ सापडली होती, पहिल्या बारा महिन्यांत चाकांच्या जुळवणीसारखी कामं विनामूल्य. गाडी अकरा महिन्यांची होती. झिजलेला टायर वॉरंटीत येत नाही हे मी पत्रात स्वतःच मान्य केलं आणि विचारलं, ज्यामुळे तो झिजला ते वॉरंटीत येतं, आणि तुम्ही ते दहा हजारांना मोजलं असतं तर टायर वाचले असते, मग नुकसान कोणाचं?

दोन आठवडे लागले. त्यांनी त्यांच्या मशीनवर मोजलं, आकडे एक-दोन मिनिटांच्या फरकाने तेच आले. जुळवणी विनामूल्य केली. एका टायरचा खर्च त्यांनी उचलला, दुसऱ्याचा मी. मला दोन्ही हवे होते. तरी मी सही केली, कारण आणखी महिनाभर भांडत स्टेपनीवर फिरणं मला परवडणारं नव्हतं.

क्रमाबद्दल मात्र मी हटून बसले. टायर आधी बदलून "अलाइनमेंट उद्या करू" असं ते म्हणत होते. मी नाही म्हटलं. नवे टायर बसवायचे आणि गाडी बाहेर न काढता तशीच अलाइनमेंटला घ्यायची. जुना दोष तसाच ठेवून नवा टायर लावला, तर तो पहिल्या किलोमीटरपासून झिजायला लागतो. हातात दोन कागद घेतले, आधीचा आणि नंतरचा. नंतरच्यावर डावं ०°०६′, उजवं ०°०५′, दोन्ही टो-इन. स्टीअरिंग सरळ.

दोनच टायर नवे, तर ते पुढे लावायचे की मागे? माझं मन पुढे म्हणत होतं, राबणारी चाकं तीच म्हणून. काकांनी समजावलं, मागे. ओल्या रस्त्यावर पुढच्या चाकांची पकड सुटली तर गाडी सरळ जायला बघते. पाय काढला, वेग उतरला की ती पुन्हा ऐकते. मागची पकड सुटली तर गाडीची शेपटी फिरते आणि ती सावरणं बहुतेकांना जमत नाही. म्हणून जास्त नक्षीचे टायर मागे. घेताना टायर कधी बनला ते सांगणारे त्यावरचे चार आकडेही पाहिले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३१२४ असेल तर २०२४ सालचा ३१वा आठवडा. दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे घेतले. पहिले काही शे किमी सावकाश चालवले, कारण नवीन रबरावर गुळगुळीत थर असतो आणि पकड पूर्ण यायला वेळ लागतो.

रोटेशनचंही सांगते. दहा हजारांना मला विचारलं होतं, टायर पुढे-मागे करायचे का? मी नको म्हटलं होतं, नवीनच तर आहेत म्हणून. केलं असतं, तर झिजलेली आतली कड पुढे आली असती आणि स्टीअरिंग वळवल्यावर मला ती दिसली असती. पण नुसतं रोटेशन करून मी निर्धास्त राहिले असते, तर मागे आलेले दोन टायरही त्याच वाटेने गेले असते. दोनाऐवजी चार बदलावे लागले असते. रोटेशन मी आता करते, पण प्रत्येक टायर तीन जागी मोजून झाल्यावरच.

घरघर बंद झाली. पहिल्या दिवशी सत्तरच्या वेगाला गाडीत इतकी शांतता होती की आईने मागून विचारलं, "इंजिन चालू आहे ना गं?"

काल २३,५०० किमी झाले. लेकीने गेज धरला, मी लिहून घेतलं. मागचा डावा बाहेर ७.०, मध्ये ६.९, आत ६.९. मागचा उजवा बाहेर ७.०, मध्ये ७.०, आत ६.९. मग तिने दोन्ही टायरवरून हात आडवा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं: दात नाहीत.